कामाच्या बुटांतले मोजे : सुती की सिंथेटिक? आपले अनुभव लिहा

धागाकर्ता (कारखान्यातील सुरक्षा विभाग, पुणे)

सेफ्टी शूजबद्दल आपल्याकडे पुष्कळ बोलले जाते आणि ते योग्यच आहे. आयएस १५२९८ या भारतीय मानकानुसार अशा बुटाच्या पुढच्या टोपीला २०० जूलचा आघात सोसावा लागतो. म्हणजे साधारण वीस किलोचे वजन एक मीटर उंचीवरून पडले तरी आतली बोटे वाचली पाहिजेत. बूट कंपनी देते, त्याची तपासणी होते, फाटला तर तो बदलून मिळतो. त्या बुटाच्या आत संपूर्ण पाळीभर त्वचेला चिकटून राहणारा मोजा मात्र कामगार आठवडी बाजारातून, हाताला मऊ लागतो एवढेच पाहून घेऊन येतो. बूट चावतो, पाय जळजळतात, बोटांच्या बेचक्यांत कातडी पांढरी पडते, अशा ज्या तक्रारी माझ्याकडे येतात, त्यांतल्या कित्येकींचे मूळ बुटात नसून मोज्यात सापडते.

सुती चांगला की सिंथेटिक, याचे सर्वांना लागू पडणारे एकच उत्तर असेल असे मला वाटत नाही. म्हणूनच हा धागा काढला आहे. लिहिताना काम कोणते, बूट कातड्याचा की गमबूट, जागा कोरडी, ओली की तापलेली, आणि मोजा कशाचा, या चारही गोष्टी कृपया सांगाव्यात. त्या कळल्याशिवाय एकाचा अनुभव दुसऱ्याच्या उपयोगी पडत नाही.

ओतशाळेतील कामगार, शिरोली (कोल्हापूर)

आमच्याकडे लोखंडाचा रस साचात ओतला जातो, तेव्हा तो साधारण १,३५० ते १,४०० अंश सेल्सिअस तापलेला असतो. साचात किंचित ओल राहिली तरी रस उसळतो आणि त्याचे थेंब चोहीकडे उडतात. चेहऱ्यावर ढाल असते, अंगावर ॲप्रन असतो, परंतु एखादा थेंब घोट्याजवळून बुटात शिरला, तर तिथे त्याला अडवायला मोज्याखेरीज काहीच नसते. पॉलिस्टर सुमारे २५० अंशांना वितळते आणि काही जातींचे नायलॉन त्याच्याही आधी, २२० अंशांच्या आसपास. वितळलेला धागा कातडीवर पसरतो, तिथेच थिजतो आणि थिजतानाही भाजत राहतो. सूत पेट घेते, करपते, पण वितळून चिकटत नाही. बूट काढून मोजा ओढला की तो निघून येतो.

माझ्या शेजारच्या लाइनवरील एका सहकाऱ्याच्या बाबतीत हे मी समोर पाहिले आहे. थेंब लहान होता. नुसता थेंब असता तर जखमही लहानच राहिली असती, परंतु नायलॉनचा मोजा घोट्याभोवती चिकटून बसला आणि दवाखान्यात तो कातडीसकट सोडवावा लागला. त्या दिवसापासून आमच्या लाइनवर कोणी नवा मुलगा आला, की त्याच्या पायांतले मोजे आम्ही आधी पाहतो.

आणखी दोन गोष्टी याच विषयातल्या आहेत म्हणून लिहितो. पँट बुटात खोचू नये, ती बुटावरून खाली सोडावी, म्हणजे थेंब बाहेरून ओघळून जातो. आणि ओतकामाचा बूट बिनलेसचा, एका झटक्यात निघणारा असावा. लेस सोडण्यात जाणारा वेळ पायाला परवडत नाही.

वीज वितरणातील तंत्रज्ञ, जळगाव

वरील दादांशी पूर्णपणे सहमत आहे. आमच्याकडे रस नाही, पण ठिणगी आणि आर्क, म्हणजे हवेतून उडी मारणारा विजेचा झोत, आहे. आर्कच्या क्षणभराच्या उष्णतेतही सिंथेटिक कापड अंगाला चिकटते, म्हणून बनियनपासून मोज्यापर्यंत सगळे सुतीच घालावे असे मी माझ्या हाताखालच्या मुलांना सांगतो. जळगावच्या उन्हाळ्यात दुपारपर्यंत मोजे ओलेचिंब होतात हे खरे आहे. त्यासाठी पिशवीत दुसरा जोड असतो.

रस्तेकामावरील सर्वेक्षक, रत्नागिरी जिल्हा

माझे काम आगीचे नाही, पाण्याचे आहे, आणि म्हणून माझा निष्कर्ष वरील दोघांच्या उलट आहे. पायात कातड्याचे सेफ्टी शूज असतात. जून ते सप्टेंबर या काळात बूट कितीही चांगला असला, तरी पाणी वरून आत येतेच. सुती मोजा ते पाणी पिऊन घेतो, जड होतो, टाचेखाली गोळा होतो आणि त्याच्या सुरकुत्यांवरच दिवसभर चालावे लागते. ओल्या कातडीवर ओले सूत घासले गेले की टाचेला आणि चवड्याला फोड येणारच. कोकणात सुती मोज्याची खरी अडचण तर रात्री सुरू होते. खोलीत दोरीवर टाकलेले जाड सुती मोजे सकाळीही ओलेच असतात, दुसऱ्या दिवशी त्यांना कुबट वास येतो आणि माणूस नाइलाजाने तेच पायात चढवतो. चिखल्यांची सुरुवात इथेच होते, असे माझे ठाम मत आहे.

आता पावसाळ्यात मी पॉलिस्टर-नायलॉनचे, तळव्याला गादी असलेले मोजे वापरतो. पिळून टाकले तर पंख्याखाली रात्रीत वाळतात. जेवणाच्या सुट्टीत बूट काढून पाय पुसतो, बोटांच्या बेचक्यांतून फडके फिरवतो आणि कोरडा जोड घालतो. काढलेला जोड जीपच्या मागच्या काचेशी पसरून ठेवतो. हा क्रम सुरू केल्यापासून माझ्या बेचक्या पावसाळाभर शाबूत राहिल्या आहेत. तरीही सिंथेटिक मोजा वास लवकर धरतो, हे मान्य करायला हवे. सुती मोजा एका धुण्यात स्वच्छ वाटतो, तसा हा वाटत नाही.

वस्त्र अभियंता, इचलकरंजी

सर्वेक्षक महोदयांनी जे अनुभवले, त्याचे कारण धाग्याच्या स्वभावात आहे. प्रमाणित हवेत कापूस आपल्या कोरड्या वजनाच्या साधारण ८.५ टक्के ओलावा धरून ठेवतो, लोकर सुमारे १६ टक्के, नायलॉन ४ टक्क्यांच्या जवळपास आणि पॉलिस्टर जेमतेम ०.४ टक्के. कापसाच्या तंतूच्या आत पाणी शिरते, तंतू फुगतो आणि ते पाणी सहजी सोडत नाही. पॉलिस्टरच्या तंतूत पाणी शिरत नाही; ते धाग्यांमधल्या फटींतून पुढे सरकते आणि मोज्याच्या बाहेरच्या अंगाला किंवा वरच्या काठाकडे पोहोचते. तिथे हवा मिळाली तर ते उडून जाते. ‘हवा मिळाली तर’ हे शब्द मी मुद्दाम लिहिले आहेत. कातड्याच्या बुटातून थोडीफार वाफ बाहेर पडू शकते, पीव्हीसीच्या गमबुटातून ती मुळीच पडत नाही. बंद गमबुटात घाम वाहून नेणारा महागडा मोजा तो घाम नेणार तरी कुठे?

वासाबद्दलचे निरीक्षणही बरोबर आहे. बेल्जियममधील गेंट विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले, तेव्हा सुती कपड्यांपेक्षा पॉलिस्टरच्या कपड्यांना अधिक उग्र वास येत असल्याचे आणि वास निर्माण करणारे काही जीवाणू पॉलिस्टरवर जास्त वाढत असल्याचे त्यांना आढळले.

फोडांच्या बाबतीत मात्र धाग्यालाच सगळे श्रेय किंवा सगळा दोष देऊ नये. अमेरिकेत १९९० साली धावपटूंवर झालेल्या एका चाचणीत, तळव्याला दाट गादी असलेल्या मोज्यांमध्ये ॲक्रिलिक या सिंथेटिक धाग्याच्या मोज्यांनी सुती मोज्यांपेक्षा कमी आणि लहान फोड येतात असे दिसले होते. त्याच संशोधकांनी पुढे साध्या गादीचे मोजे घेऊन पुन्हा तुलना केली, तेव्हा तो फरक दिसला नाही. मोज्याची वीण, तळव्याची जाडी, टाचेचा नीट बसणारा आकार आणि बोटांवरची शिवण यांचा वाटा धाग्याइतकाच मोठा असतो.

बाजारात ‘कॉटन’ म्हणून मिळणाऱ्या मोज्यांत बहुतेक वेळा नायलॉन किंवा पॉलिस्टर आणि लवचीक धागा मिसळलेला असतो. केवळ सुताचा मोजा टाचेला लवकर झिजतो आणि घोट्यावरून घसरतो, म्हणून ही भेसळ नसून गरज आहे. पण ओतशाळेतील माणसाला तिचे प्रमाण माहीत असायलाच हवे. वेष्टनावर टक्केवारी नसेल, तर जुन्या मोज्याचे चार धागे चिमट्यात धरून मोकळ्या जागी जाळून पाहावेत. सूत कागदासारखा वास देत जळते आणि मऊ राख उरते. सिंथेटिक धागा आकसतो, वितळतो आणि त्याचा टणक मणी होतो. ‘बांबूचे’ म्हणून विकले जाणारे मोजे बहुधा व्हिस्कोसचे, म्हणजे वनस्पतीच्या लगद्यापासून रसायनांनी बनवलेल्या धाग्याचे, असतात. ते मऊ असतात, पाणीही भरपूर पितात आणि वाळण्याच्या बाबतीत सुताच्याच पंक्तीला बसतात.

मासळी प्रक्रिया केंद्रातील कामगार, रत्नागिरी

गमबुटाचा विषय निघाला म्हणून लिहिते आहे, कारण आम्हा बायकांचे सगळे काम गमबुटातच चालते. फरशीवर सतत पाणी आणि बर्फाचा चुरा असतो. बाहेरचे पाणी बुटात येत नाही, पण आतला घाम बाहेरही जात नाही, हे अभियंत्यांनी लिहिलेले अगदी खरे आहे. आमच्यापैकी काही जणींनी पातळ नायलॉनचे मोजे वापरून पाहिले. त्यांत पाय मोज्याच्या आत घसरत राहतो आणि ओल तळव्याखालीच साचते. जाड सुती मोजा निदान ती ओल पिऊन घेतो. अट एवढीच आहे की पाळीच्या मध्यावर तो बदलला पाहिजे. न बदलता तोच ठेवला, तर थंड फरशीवर ओला सुती मोजा पाय पार गारठवून टाकतो.

शीतगृहात उणे १८ अंशांत पेट्या लावायची पाळी असते, तेव्हा मात्र सुती मोजा अजिबात घालू नये. तिथे मी लोकरीचे मिश्रण असलेला जाड मोजा घालते. लोकर दमट झाली तरी ऊब टिकवून धरते. सुताची ऊब ओल लागताच निघून जाते.

एक गोष्ट मला मनापासून मांडायची आहे. गमबूट पुरुषांच्या मापात येतात. आमच्या पायांना ते सैल होतात, म्हणून बायका दोन-दोन मोजे चढवतात आणि त्यामुळे घाम आणखी वाढतो. टाच आत खालीवर होत राहते ती वेगळीच. ही अडचण कोणताही मोजा सोडवू शकत नाही. बूट मापाचा मिळाला पाहिजे आणि तो मागण्यात संकोच करण्यासारखे काहीही नाही.

स्फोटकांच्या कारखान्यातील कामगार, नागपूर जिल्हा

आमच्या विभागात आतील कपड्यांसह सगळे सुतीच घालावे लागते. सिंथेटिक कापडाच्या घर्षणाने अंगावर स्थिर वीज साठते आणि एक बारीक ठिणगीही तिथे चालत नाही. बुटाचा तळ ही वीज जमिनीत सोडणारा असतो, पण ती पायातून तळापर्यंत मोज्यामधूनच जाते. जाड, कोरडा सिंथेटिक मोजा त्या वाटेत आडवा येतो. त्यामुळे आमच्यासाठी हा आवडीनिवडीचा प्रश्नच उरत नाही.

वैद्यकीय अधिकारी, सांगली जिल्हा

पावसाळ्यात माझ्या बाह्यरुग्ण विभागात चिखल्यांचे रुग्ण रोज येतात. शेतकऱ्यांइतकेच आता कारखान्यांतून आणि बांधकामांवरून येणारेही असतात. बेचक्यातील कातडी सतत ओली राहिली की ती फुगते, भेगाळते आणि तिथे बुरशी व जीवाणू शिरतात. मलम दिल्यावर आठवडाभरात बरे वाटते, रुग्ण मलम थांबवतो आणि तेच न वाळलेले मोजे व तेच दमट बूट पुन्हा घालतो. औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत लावावे आणि शक्य असेल तर बुटांचे दोन जोड एक दिवसाआड वापरावेत, कारण घामाने भिजलेला बूट एका रात्रीत आतून पूर्ण वाळत नाही.

धुण्याबाबत सुती मोज्याला एक मोठा फायदा आहे. तो साठ अंशांच्या गरम पाण्यात धुता येतो आणि त्या उष्णतेला बुरशी टिकत नाही. कोमट पाण्यात ती तग धरू शकते. सिंथेटिक मोजे उलटे करून धुवावेत, म्हणजे कातडीकडची बाजू स्वच्छ होते, आणि कपडे मऊ करणारे द्रव त्यांना लावू नयेत. त्या द्रवाचा थर बसला की पाणी वाहून नेण्याचा त्यांचा गुण मंदावतो.

मधुमेही कामगारांसाठी वेगळे लिहितो. पायाची संवेदना कमी झालेल्या माणसाला फोड आल्याचे कळत नाही. त्यांनी बोटांवर जाड शिवण नसलेला, घोट्याला न आवळणारा आणि फिक्या रंगाचा मोजा घ्यावा. रक्त किंवा पू लागला तर फिक्या मोज्यावर तो लगेच दिसतो. संध्याकाळी पाय आणि मोजा दोन्ही उजेडात तपासावेत.

तेल प्रकल्पातील वेल्डिंग निरीक्षक, कुवेत (मूळ गाव सातारा)

इथे उन्हाळ्यात पारा पन्नासकडे जातो. जून ते ऑगस्ट सकाळी अकरा ते दुपारी चार उघड्यावर काम करण्यास कायद्याने बंदी आहे, तरी उरलेल्या तासांतही बुटात पाय शिजतो. घाम सुती मोजा सांभाळू शकत नाही आणि वेल्डिंगच्या ठिणग्यांमुळे सिंथेटिक घालता येत नाही. या कोंडीतून मला बाहेर काढले ते मेरिनो जातीच्या मेंढीच्या लोकरीच्या पातळ मोज्यांनी. उन्हाळ्यात लोकर, हे आई-वडिलांना फोनवर सांगितले तेव्हा त्यांना खरे वाटेना. पण लोकर सहजी पेट घेत नाही, वितळत नाही, घाम शोषूनही कातडीला ओलसर लागत नाही आणि वासही कमी धरते. तिच्यात थोडे नायलॉन असते, त्याचे प्रमाण पाहूनच घ्यावे. किंमत सुती मोज्याच्या कितीतरी पट आहे, ही एकच अडचण. कंपनीने दिल्यास तीही राहत नाही.

धागाकर्ता

कुवेतहून आलेल्या शेवटच्या वाक्याला धरूनच आमच्या कारखान्यातील अनुभव लिहितो. सुरक्षा समितीच्या बैठकीत आम्ही मोज्यांना बुटांसोबतच्या वार्षिक यादीत घालून घेतले. पहिला आक्षेप खर्चाचा होता. त्यावर आम्ही पायांच्या तक्रारींमुळे घेतलेल्या रजांची नोंद समोर ठेवली. दुसरा आक्षेप असा होता की सगळ्यांना एकच मोजा द्यावा, खरेदी सोपी होईल. तो मात्र आम्ही ठामपणे अमान्य केला. आता भट्टी आणि वेल्डिंग विभागाला सुताचे प्रमाण जास्तीत जास्त असलेला, पोटरीपर्यंत येणारा मोजा मिळतो. धुण्याच्या आणि उघड्यावरच्या कामांना लवकर वाळणारा, गादीचा सिंथेटिक मोजा मिळतो. मागणीपत्रात धाग्यांची टक्केवारी, तळव्याची गादी, बोटांवरची सपाट शिवण आणि जोडांची संख्या स्पष्ट लिहिलेली असते, कारण ‘चांगल्या प्रतीचे मोजे’ एवढेच लिहिले तर पुरवठादार हाताला येईल ते पाठवतो. प्रत्येकाला एका पाळीत बदलता येतील आणि शिवाय वाळत घालता येतील इतके जोड हवेत, हा मुद्दा आम्ही शेवटपर्यंत सोडला नाही.

रत्नागिरीच्या ताईंचे लिखाण वाचल्यानंतर पुढच्या बैठकीसाठी मी महिलांच्या मापांचे बूट आणि मोजे हा विषय नोंदवला आहे. ज्यांच्या कारखान्यात अशी मापे मिळू लागली आहेत, त्यांनी ती मागणी कोणत्या शब्दांत मांडली, हे इथे जरूर लिहावे.