शब्दचर्चा : ‘ब्रिटिश-नायजेरियन’ अभिनेता : मूळचा, वंशाचा की नुसती जोडरेघ?

उंबरकर :
दिवाळी अंकासाठी चिवेटेल एजिओफोर या नटावर लेख लिहितेय आणि पहिल्याच वाक्यात गाडी अडली आहे. इंग्रजीत त्याला सरळ ‘ब्रिटिश-नायजेरियन’ म्हणून मोकळे होतात. मराठीत काय लिहू? ‘नायजेरियन वंशाचा ब्रिटिश अभिनेता’? ‘मूळचा नायजेरियाचा’? की जोडरेघ तशीच ठेवू? त्याचा जन्म १९७७चा, लंडनच्या फॉरेस्ट गेट भागातला. आईवडील नायजेरियातले, इग्बो समाजाचे. वडील डॉक्टर, आई औषधनिर्माती. शाळा, नाट्यशिक्षण सगळं लंडनमध्येच.

पोटमाळा :
‘वंशाचा’ नकोच. नायजेरियन नावाचा वंश नाही. इग्बो, योरुबा, हौसा आणि आणखी शेकड्यांनी समाज तिथे आहेत, भाषा वेगळ्या, देव वेगळे. ‘नायजेरिया’ हे नावच १८९७मध्ये फ्लोरा शॉ या इंग्रज पत्रकार बाईंनी लंडनच्या ‘टाइम्स’मधून सुचवलं. उत्तर आणि दक्षिण भाग एका कारभाराखाली आले ते १९१४ला. सव्वाशे वर्षांच्या नावाला वंश कुठून चिकटणार? वंशच लिहायचा तर ‘इग्बो वंशाचा’ लिहा, निदान खरं तरी होईल.

आणि कुणीतरी ‘हबशी’ सुचवायच्या आत सांगून ठेवतो : तो शब्द ॲबिसिनियाचा, म्हणजे आजच्या इथिओपियाचा, आफ्रिकेच्या पार दुसऱ्या टोकाचा. जंजिऱ्याचे सिद्दी आपल्या डोक्यात इतके बसलेत की आफ्रिकेतला कुणीही आपल्याला हबशीच वाटतो.

देवरूखचा :
माझं मत ‘मूळचा’ला. माझे आजोबा परळच्या चाळीत जन्मले, वडीलही तिथेच, मी डोंबिवलीत. तरी कुणी विचारलं की तोंडातून निघतं, ‘आम्ही मूळचे देवरूखचे.’ जन्माचा काही संबंध नसतो त्यात. तसाच हा मूळचा नायजेरियाचा. काय बिघडलं?

पोटमाळा :
बिघडतं. ‘मूळचा’ ऐकलं की पुढे ‘पण आता’ येणार असं वाटतं. ‘मूळचा साताऱ्याचा, पण आता पुण्यात’ म्हणजे गडी साताऱ्यात वाढला आणि मग पुण्याला आला. एजिओफोर कुठून कुठे आला? तो लंडनलाच जन्मला की.

शेवाळकाठ :
तुम्ही दोघंही बरोबर आहात, कारण तुम्ही एकच शब्द वापरत नाही आहात. देवरूखचे दादा म्हणतात ‘आम्ही मूळचे’. पोटमाळा म्हणतात ‘तो मूळचा’. अनेकवचनात हा शब्द घराण्याचा असतो, एकवचनात माणसाचा. ‘मी मूळचा देवरूखचा’ असं डोंबिवलीत जन्मलेला माणूस सहसा म्हणत नाही. म्हणालाच, तर ऐकणारा विचारतो, ‘मग इकडे कधी आलात?’ ‘आम्ही मूळचे’ म्हटलं की तो प्रश्न येत नाही.

तेव्हा उंबरकर, ‘मूळचं’ त्याला लावू नका, घराला लावा. ‘घर मूळचं नायजेरियाचं, हा लंडनचा.’ इग्बो लोकांना हे आपल्याइतकंच पटेल. शहरात, परदेशात कितीही पिढ्या गेल्या तरी लग्नं आणि मर्तिकं गावाकडे, ही ओढ त्यांच्यातही घट्ट आहे. १९८८ साली हे कुटुंब नायजेरियाला गेलं होतं तेही लग्नासाठीच. लग्न उरकून परतताना त्यांची गाडी ट्रकला धडकली. वडील गेले, अकरा वर्षांचा चिवेटेल जबर जखमी झाला. कपाळावरची खूण पडद्यावरही दिसते, मेकअपने झाकलेली नसली की.

जोडरेघ खऱ्या अर्थाने शोभते ती डेव्हिड ओयेलोवोला. जन्म १९७६चा, ऑक्सफर्डचा, घर योरुबा. सहाव्या वर्षी लागोसला गेला, तेराच्या सुमारास लंडनला परतला. पुढे रॉयल शेक्सपिअर कंपनीत सहावा हेन्री झाला. त्या कंपनीत इंग्लंडचा राजा झालेला तो पहिला कृष्णवर्णीय नट. ‘सेल्मा’मध्ये (२०१४) मार्टिन ल्यूथर किंग. त्याचं बालपणच दोन्हीकडे वाटलं गेलंय.

आणि ‘मूळचा’ एकवचनात हवाच असेल तर ऑर्लँडो मार्टिन्स घ्या. लागोसला १८९९मध्ये जन्म, पहिल्या महायुद्धानंतर लंडनमध्ये, १९३५च्या ‘सँडर्स ऑफ द रिव्हर’ या चित्रपटात अमेरिकन गायक-नट पॉल रोबसनबरोबर, आणि अखेर १९८५ला पुन्हा लागोसमध्येच. मात्र तो जन्मला तेव्हा नायजेरिया नावाचा देश नव्हता, लागोस ही इंग्रजांची वसाहत होती. म्हणजे तिथेही मी पाय घसरून पडलेच.

पोटमाळा :
मान्य. एकवचन-अनेकवचनाचं डोक्यात आलं नव्हतं.

त्रिफळा :
मूळ प्रश्न सुटला असेल तर नावाचं बघू. इंग्रजीत त्याचा उच्चार ‘चूइटेल’ असा करतात. पण मराठीत ‘चूइटेल’ लिहिलंत तर अर्धे वाचक ‘चूक’मधला च वाचतील, दंततालव्य. त्याचा च ‘चिमणी’तला. एक तर ‘च्यूइटेल’ लिहा, नाहीतर ‘चिवेटेल’. इ जोडली की च आपोआप तालव्य होतो, तिथे चुकायची सोय नाही. शिवाय नावातला ‘चि’ महत्त्वाचा आहे. इग्बो समजुतीत ‘चि’ म्हणजे ज्याच्या त्याच्या वाट्याचं दैवत. नावाचा अर्थ साधारण ‘देवानं आणलं’ असा. म्हणजे आपल्याकडचा देवदत्त म्हणा ना. ‘चू’ केलंत तर देवच जातो. आडनावातला ‘ओफो’ म्हणजे सत्य आणि न्याय यांचं प्रतीक असलेला दंड.

उंबरकर :
‘चिवेटेल’ ठेवते. आता दुसरी अडचण. त्याचा पहिला मोठा चित्रपट स्पीलबर्गचा ‘आमिस्टाड’ (१९९७). नाट्यशिक्षण अर्ध्यावर सोडून गेला, वय एकोणीस. त्यात तो जेम्स कव्ही, पकडलेल्या आफ्रिकन लोकांचं बोलणं कोर्टात इंग्रजीत सांगणारा. याला ‘दुभाषी’ म्हणायचं की ‘दुभाष्या’? की ‘भाषांतरकार’?

शेवाळकाठ :
भाषांतरकार टेबलाशी बसतो. उभ्या उभ्या, दोन माणसांच्या मध्ये तोंडी काम करतो तो दुभाषी. ‘दुभाष्या’ही चालतो, पण त्याला थोडा बाजारचा वास आहे. कोर्टातल्या माणसाला दुभाषीच म्हणा.

आणि कव्ही सापडला कसा, हे लेखात घ्याच. ती गोष्ट खरी आहे. १८३९मध्ये ‘आमिस्टाड’ जहाजावर उठाव करून अमेरिकेत पकडले गेलेले ते आफ्रिकन लोक मेंडे बोलायचे आणि कनेक्टिकटमध्ये ती भाषा कुणालाच येत नव्हती. येलचे प्राध्यापक गिब्ज त्यांच्याकडून एक ते दहा आकडे शिकले आणि न्यूयॉर्कच्या धक्क्यावर ते आकडे मोठ्यांदा म्हणत हिंडू लागले. कुणीतरी ओळखेल म्हणून. ओळखले ते इंग्रजी जहाजावरच्या खलाशी कव्हीने. तो स्वतः लहानपणी गुलामांच्या जहाजातून सुटलेला. इग्बो घरातल्या लंडनच्या पोरानं सिएरा लिओनची मेंडे बोलून कारकीर्द सुरू केली. पुढे २०१९मध्ये स्वतः दिग्दर्शित केलेल्या, मलावीतल्या पवनचक्कीवाल्या मुलाच्या चित्रपटात बाप झाला, तर चिचेवा शिकला. मधे २००२मध्ये दिग्दर्शक स्टीफन फ्रिअर्सच्या चित्रपटात ओक्वे : नायजेरियात डॉक्टर, लंडनमध्ये कागदपत्रांवाचून रात्री हॉटेलच्या काउंटरवर उभा. तिथे लंडनच्याच नटाला बोलण्यातलं लंडन पुसावं लागलं. माझ्या मते ते त्याचं सगळ्यात चांगलं काम. बाफ्टा, म्हणजे ब्रिटिश चित्रपट-पुरस्कार, मिळालं ते मात्र ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’मधल्या सॉलोमन नॉर्थपसाठी.

देवरूखचा :
त्यावरून, ‘ट्वेल्व्ह इयर्स अ स्लेव्ह’ला ‘बारा वर्षे गुलाम’ बरोबर ना? आम्हाला गुलाम म्हटलं की पत्ते आठवतात.

त्रिफळा :
बरोबर आहे. अरबीत ‘गुलाम’ म्हणजे मूळ अर्थ पोरगा. मराठीत त्या शब्दाला धार आणली फुल्यांनी. १८७३च्या ‘गुलामगिरी’ची अर्पणपत्रिका अमेरिकेतल्या गुलामगिरी संपवणाऱ्यांच्या नावे आहे. ज्यावरून चित्रपट झाला ते नॉर्थपचं पुस्तक त्याच्या वीस वर्षं आधीचं. फक्त लेखात नॉर्थपला सरसकट ‘गुलाम’ म्हणू नका. तो न्यूयॉर्क राज्यात स्वतंत्र जन्मलेला, १८४१मध्ये पळवून विकलेला. ‘गुलाम केलेला’ किंवा ‘गुलामीत ढकललेला’ म्हणा.

उंबरकर :
सगळ्यांचे आभार. पहिलं वाक्य असं झालंय : ‘चिवेटेल एजिओफोर लंडनचा. घर मूळचं नायजेरियातलं, इग्बो.’ एकाची दोन वाक्यं झाली, पण वाचताना अडत नाही. आता संपादकांचा फोन आलाय की सीबीई हा ब्रिटिश किताब मिळालेल्या माणसाला ‘तो’ कसं लिहिता, ‘ते’ करा. मी म्हटलं, अपघातापर्यंत अकरा वर्षांचं पोर आहे, तोवर ‘तो’ राहू द्या. पुढचं तुम्ही बघा.