परसातल्या कोई माशांच्या (शोभेचे रंगीत मासे) तळ्यात बेडूक आलेत, राहू द्यावेत का?

पाऊसवेडी: चिपळूणला परसात छोटं तळं आहे, कोई सोडलेत, पहिला मोठा पाऊस झाला आणि पिवळेधमक बेडूक आले, रात्रभर डराव डराव, आता अंडीपण दिसतायत. माशांना धोका नाही ना?

कोकणमाळी: ताई, राहू द्या! पिवळे म्हणजे विणीच्या दिवसातले नर, इंडियन बुलफ्रॉग. मोठ्या कोईला काही होत नाही, माशांची बोटभर पिल्लं मात्र बेडूक गिळतात, ती वेगळ्या टाकीत ठेवा. उलट कोईच अंडी आणि बेडूकमासे फस्त करतात.

तळेवाला: +१. एक कोपरा जाळीने वेगळा करा, पाणवनस्पती सोडा, थोडे तरी बेडूकमासे वाचतील. काठाला उतरता दगड हवाच, नाहीतर बेडकांची पिल्लं बाहेर कशी येणार? आणि बागेत कीटकनाशक मारू नका प्लीज, बेडकाच्या कातडीतून थेट आत जातं.

पाऊसवेडी: जाळी उद्याच आणते!