वस्तीतल्या फुटबॉलचं मूल्यमापन विद्यापीठांनी करावं का?

मैदानवेडी, पुणे

नागपूरला हिस्लॉप कॉलेजातल्या विजय बारसे सरांनी २००१ साली झोपडपट्टीतल्या पोरांना घेऊन फुटबॉल सुरू केला. त्यातून उभ्या राहिलेल्या ‘स्लम सॉकर’ला २०१६ मध्ये फिफाचा विविधता पुरस्कार मिळाला. मुंबईत खेळातून मुलांसोबत काम करणाऱ्या मॅजिक बस संस्थेची सुरुवात १९९९ ची. म्हणजे आपल्याकडे या कामाला वीस वर्षांहून जास्त काळ झाला आहे. पण या खेळानं नक्की कोणाचं काय बदललं असं विचारलं, की हाती चार यशोगाथा येतात. चारही खऱ्या असतात. मला प्रश्न पडतो तो त्याच मैदानावर दोन महिने येऊन मग दिसेनासा झालेल्या पोराचा. त्याच्यापर्यंत कोणी जात नाही.

बेघरांच्या फुटबॉल विश्वचषकाचंच बघा. २००३ साली ऑस्ट्रियातल्या ग्राझ शहरात तो पहिल्यांदा झाला. ९४ टक्के खेळाडूंनी आयुष्यावर चांगला परिणाम झाल्याचं सांगितलं, असा आकडा आयोजक देतात. पण विचारणारे तेच आणि खेळायला नेणारेही तेच. समोरचा दुसरं काय सांगणार?

माझं मत स्पष्ट आहे. शहरातल्या विद्यापीठानं आपल्याच शहरातल्या एखाद्या फुटबॉल कार्यक्रमाशी किमान पाच वर्षांचा करार करावा. समाजकार्य, मानसशास्त्र, शारीरिक शिक्षण आणि संख्याशास्त्र हे विभाग त्यात एकत्र यावेत, आणि सोडून गेलेल्या मुलांनाही शोधून विचारावं. हे न केल्यास सल्लागार कंपन्या करणारच आहेत. २०२१ च्या सुधारित सीएसआर (कंपन्यांनी सामाजिक कामावर करायचा सक्तीचा खर्च) नियमांनुसार, ज्या कंपन्यांचं सीएसआरचं सरासरी बंधन १० कोटी किंवा जास्त आहे, त्यांना १ कोटी आणि त्यावरच्या प्रकल्पांचं परिणाम-मूल्यमापन त्रयस्थाकडून करून घ्यावं लागतं. प्रकल्प पूर्ण होऊन वर्ष उलटल्यावर कोणीतरी येतं, दोन दिवस फिरतं आणि रंगीत अहवाल देऊन जातं. विद्यापीठ निदान त्याच गावात राहतं.

कोच, उत्तर नागपूर

ताई, तुमचा हेतू चांगला आहे, पण मी विरोधात आहे.

आमच्याकडे एका कॉलेजची टीम आली होती. प्रॅक्टिस थांबवून पोरांना ओळीनं बसवलं आणि हातात फॉर्म दिले. प्रत्येक प्रश्नापुढे पाच चेहरे, रडक्यापासून हसऱ्यापर्यंत. आमची डावी विंगर, बारा-तेरा वर्षांची, पेन हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. मग हळूच विचारलं, ‘‘सर, रडक्या चेहऱ्यावर खूण केली तर टीममधून काढतात का?’’ मी नाही म्हटलं. तिनं तरी सगळीकडे हसरा चेहराच निवडला. बाजूच्या पोरीनं तिचं बघून तसंच केलं. त्या कागदांचा पुढं पेपर झाला, की प्रबंध, ते आम्हाला कोणी सांगायला आलं नाही.

संध्याकाळी उजेड असतो जेमतेम दीड तास. त्यातला अर्धा तास फॉर्मात गेला तर पोरं दुसऱ्या दिवशी येत नाहीत. आणि पाच वर्षांच्या कराराचं म्हणाल, तर विद्यार्थी दोन वर्षांत एमएसडब्ल्यू, म्हणजे समाजकार्याची पदवी, करून निघून जातो. दर वेळी नवा चेहरा येणार आणि पोरीला तेच विचारणार, ‘तुझे वडील काय करतात?’

संख्याशास्त्र शिकवतो

कोचसर, तुमच्या त्या विंगरनं जे दाखवलं, तेच मूल्यमापनातलं सगळ्यात मोठं दुखणं आहे. ज्याच्या हातात बूट आणि टीमची यादी आहे, तो शेजारी उभा असताना भरलेला फॉर्म कामाचा नाही. पण म्हणून मोजायचंच नाही असं कसं म्हणता?

फ्रेड कोल्टर हे तेव्हा स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग विद्यापीठात प्राध्यापक होते. त्यांनी आफ्रिका आणि भारतातल्या अशा संस्थांचा अभ्यास केला. त्यात मुंबईची मॅजिक बस होती, कोलकात्याची प्राजकही होती. २०१० च्या अहवालात निघालं ते असं, की खेळाचा सगळीकडे सारखा आणि आधी सांगता येईल असा परिणाम दिसत नाही. सुरुवातीला ज्यांचा आत्मविश्वास कमी होता त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचा वाढला, आणि ज्यांचा आधीच भरपूर होता त्यांच्यातल्या काहींचा उतरला. यातलं किती फुटबॉलमुळे आणि किती दोनदा मोजल्यामुळे, हे तुलनेसाठी न खेळणारा दुसरा गट असल्याशिवाय कळत नाही. खूप कमी आकडे दुसऱ्या मोजणीत वर सरकतात आणि खूप जास्त आकडे खाली येतात, हा मोजमापाचाच गुण आहे. संस्थेच्या वार्षिक अहवालात हे कोणी लिहीत नाही. विद्यापीठ लिहू शकतं.

तुलनेचा गट कोणालाही वंचित न ठेवता करता येतो. आठ वस्त्यांत काम सुरू करायचं आहे आणि कोच चारच आहेत, तर कुठल्या चार आधी हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. उरलेल्या चारांत वर्षभरानं सुरू करा; तोवर त्या तुलनेचा गट.

पालावरून

मी भटक्या-विमुक्तांच्या वस्त्यांवर काम करतो. माझा आक्षेप याच्याही आधीचा आहे.

ही सगळी मापं मुलात काहीतरी कमी आहे असं धरून चालतात. स्वाभिमान मोजा, जिद्द मोजा, संघभावना मोजा. पारध्याच्या पोरात जिद्द कमी आहे असं कोणी ठरवलं? सर, तुमच्या कोल्टरसाहेबांनीही तेच दाखवलं ना, की पुष्कळ मुलांचा आत्मविश्वास आधीच चांगला होता! कमतरता आहे ती जागेची. आमच्या पोरांचं मैदान वर्षातून कितीदा मांडवाखाली जातं, कितीदा तिथं खडी-वाळू उतरते, किती वेळा पोलीस येऊन उठवतात, हे का नाही मोजत? जातीचा दाखला नाही म्हणून शाळेत अडलेलं पोर गोल मारून शाळेत पुढे जात नसतं. विद्यापीठाला करार करायचाच असेल तर महापालिकेचं मूल्यमापन करा. पोरांचं नको.

डॉक्टर, औरंगाबाद

थोडा वेगळा मुद्दा. मनाचं मोजायला अवघड, पण शरीराचं मोजता येतं. तेव्हा कोपनहेगन विद्यापीठात असलेल्या पीटर क्रुस्ट्रुप यांच्या गटानं बेघर पुरुषांना १२ आठवडे छोट्या मैदानावरचं स्ट्रीट फुटबॉल खेळायला लावलं. दमछाक कमी झाली, वाईट कोलेस्टेरॉल घटलं, तोलही सुधारला. न खेळणाऱ्या बेघरांचा गट तुलनेला होता. आपल्याकडे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं बऱ्याच मोठ्या शहरांत आहेत. मुलींचं हिमोग्लोबिन तरी वर्षातून दोनदा तपासा, आणि कमी निघालं तर त्याच आठवड्यात गोळ्या सुरू करा. कोचला हा कागद लगेच उपयोगी पडेल.

कोच, उत्तर नागपूर

डॉक्टरसाहेब, हे पटलं. हिमोग्लोबिनला मी उद्या तयार आहे.

चिठ्ठ्यांचं मात्र नाही पटत. सर, कागदावर चार वस्त्या वेगळ्या असतात. इथं एका नाल्याच्या दोन बाजू असतात. इकडं बॉल उडाला की तिकडची पोरं पाच मिनिटांत हजर. त्यांना मी सांगू का, तुमचा नंबर पुढच्या वर्षी? मी तर घेतो त्यांना. मग तुमचा अभ्यास बिघडला.

संख्याशास्त्र शिकवतो

बिघडू दे. नाल्यापलीकडची पोरं खेळली हे नोंदवलं तर तीही माहितीच आहे. अभ्यासासाठी पोराला हाकलू नका, एवढं मीही म्हणेन.

मैदानवेडी, पुणे

पालावरून, तुमचा मुद्दा मला सर्वात महत्त्वाचा वाटतो, आणि तो माझ्या बाजूचाच आहे. मैदान किती दिवस मोकळं मिळालं याची नोंद कोच रोजच्या हजेरीबरोबर ठेवू शकतो. वर्षअखेर ती विद्यापीठाच्या नावानं छापून आली तर वॉर्ड ऑफिसात तिचं वजन वेगळं पडतं. संस्थेनं तक्रार केली तर ती फक्त तक्रारच राहते.

आणि बाहेरचा अभ्यासक लागतो तो नको असलेलं सांगायला. जोनाथन मॅगी आणि रूथ जीन्स यांनी बेघरांच्या विश्वचषकाबद्दल तेच केलं. सरावाचे महिने खेळाडूंना फायद्याचे ठरले. पण प्रत्यक्ष स्पर्धेत मोठमोठ्या फरकानं हरल्यावर काही जण आणखी खचले. त्या स्पर्धेत खेळाडूला आयुष्यात एकदाच उतरता येतं, म्हणजे पुढच्या वर्षी भरपाई नाही. स्वतःची टीम घेऊन गेलेली संस्था हे छापील कबूल करेल? आपण आंतरवस्ती स्पर्धेत नवख्या पोरींना १४-० नं हरायला पाठवतो, तेव्हा हे माहीत असायला हवं.

कोच, उत्तर नागपूर

१४-० वर मी गप्प. बघितलेलं आहे.

पण ताई, असा नको असलेला निकाल आमच्याबद्दल छापला तर पुढच्या एप्रिलात फंड बंद होतो. प्राध्यापकाचा पगार चालू राहतो. बूट मी कुठून आणू?

मैदानवेडी, पुणे

म्हणून करार तिघांचा हवा: संस्था, विद्यापीठ आणि पैसे देणारी कंपनी. निकाल काहीही आला तरी तीन वर्षं निधी थांबणार नाही, हे पहिलं कलम. निकाल छापण्याआधी वस्तीत बसून मराठीत वाचून दाखवायचा, पोरांचं म्हणणं त्यात जोडायचं. हरकत घ्यायचा हक्क त्यांना, दाबून ठेवायचा हक्क कोणालाच नाही. आणि फॉर्म भरून घेताना कोचनं मैदानाच्या दुसऱ्या टोकाला थांबायचं.

पालावरून

पहिलं कलम लिहून द्यायला तयार असलेली एक तरी कंपनी आधी आणा. हजेरीशेजारी मैदानाचा रकाना आम्ही या सोमवारपासून सुरू करतो, त्याला कोणाचा करार लागत नाही.