मदत हवी आहे : पेपरमध्ये जीपीएस द्यायचे की नाही?

जांबोटीची_पोर : पेपर रिव्हिजनला आलाय. माझा संशोधनाचा पेपर आहे. रिव्ह्यूअर, म्हणजे पेपर तपासणारा, म्हणतो, प्रत्येक नमुन्याचे जीपीएस (अक्षांश-रेखांश) सप्लिमेंटरी टेबलात, म्हणजे पेपरच्या पुरवणीत, टाका. गाईड म्हणतात, टाकून मोकळी हो. माझा हात धजत नाही. सोमवारी सबमिट करायचंय. न देता पेपर पास होतो का? लवकर सांगा.

टिळकवाडी_आयटी : कशाचे नमुने ते तरी सांगा की ताई. माती, पाणी, बेडूक?

जांबोटीची_पोर : औषधी झाड. खानापूर तालुक्यातलं.

रानवाट_चंदगड : नाव?

जांबोटीची_पोर : नरक्या. टेबलात प्रत्येक झाडातल्या कॅम्पटोथेसिन या रसायनाची टक्केवारी पण आहे.

रानवाट_चंदगड : हे आधी सांगायचं की! आमच्या बाजूला मी बघितलंय, झाड बुंध्यातून तोडतात, मुळं खणून काढतात, ढलप्या करून पोत्यात भरतात. मागे फक्त खड्डा. टोपोटेकॅन, इरिनोटेकॅन ही कर्करोगाची औषधं कॅम्पटोथेसिनपासून बनतात, म्हणून मागणी. त्यात कुठलं झाड जास्त देतं हे तुम्हीच छापलंत तर तस्कराला शोधायचं काय राहिलं?

निपाणीचे_सर : विज्ञानात लपवाछपवी नको. दुसऱ्याने पडताळायचं कसं? डिसेंबर 2011 मध्ये अमेरिकेच्या जैवसुरक्षा सल्लागार मंडळाने बर्ड फ्लूच्या दोन पेपरमधला तपशील गाळायला सांगितला होता. मार्चमध्ये त्यांनीच मत बदललं आणि 2012 मध्ये दोन्ही पेपर छापून आले, एक नेचरमध्ये, एक सायन्समध्ये.

रानवाट_चंदगड : सर, तिथे विषाणूवर पाळत ठेवायला तो तपशील लागतो असा मुद्दा होता. इथे दशांशाच्या पाचव्या घराने, म्हणजे मीटरभर अचूक जागेने, कुणाचं काय अडतंय? चीनमधल्या गोनियुरोसॉरस लुई या पालीचं वर्णन 1999 मध्ये छापलं आणि पाळायला पाली विकणाऱ्यांनी ती मूळ जागाच साफ केली. 2015 मध्ये त्याच वंशातल्या दोन नव्या पाली जाहीर झाल्या, तेव्हा लेखकांनी ठिकाण छापलंच नाही. सरकारी खात्यांना दिलं आणि संशोधकांनी मागितल्यास देऊ असं लिहिलं. पेपर छापून आलाच की.

टिळकवाडी_आयटी : सॉफ्टवेअरमध्ये त्रुटी सापडली की आधी कंपनीला कळवतात. गुगलचा त्रुटी शोधणारा गट, प्रोजेक्ट झिरो, 90 दिवस थांबतो, मग जाहीर. तुम्हीपण वनखात्याला कळवा, 90 दिवसांनी टाका.

रानवाट_चंदगड : त्रुटी दुरुस्त होते ओ. झाड 90 दिवसांनीपण तिथंच उभं असणार.

निपाणीचे_सर : सगळंच झाकायचं म्हटलं तर अवघड आहे. तळेवाडीजवळच्या बारापेडे गुहेतल्या वटवाघळाचं वर्णन 1913 पासून उपलब्ध आहे. जागा सगळ्यांना ठाऊक, म्हणून तर राखणही होते.

अनगोळचा_अण्णा : नरक्याची रोपं मिळतील का कुठे? नंदगडकडे दोन एकर पड आहे. आणि वनखात्याला अर्ज द्यायचा असेल तर कन्नडमधून मी लिहून देतो ताई.

कणकुंबी_पाऊस : सर, गुहा पोत्यात भरून नेता येत नाही. ताई, पेपरमध्ये नकाशा आहे का?

जांबोटीची_पोर : आहे. ओढा, रस्ता, ठिपके सगळं.

कणकुंबी_पाऊस : मग नुसतं टेबल गाळून उपयोग नाही. आयनॅचरलिस्ट ही निसर्गनोंदींची वेबसाइट धोक्यातल्या प्रजातींचे बिंदू 0.2 अंशाच्या चौकटीत विखरून दाखवतं, म्हणजे साधारण 22 किलोमीटर. तुम्ही आकडे एका दशांशापर्यंत ठेवा, 11 किलोमीटरचा अंदाज पुरे. उंचीचा टप्पा आणि जंगलाचा प्रकार द्या, पडताळणाऱ्याला तोच लागतो. टक्केवारी ठिकाणाला जोडू नका. फोटोतलं लोकेशन पुसा. आणि रिव्ह्यूअरशी वाद न घालता थेट संपादकाला पत्र लिहा, कारण सांगा, पूर्ण आकडे त्यांना गोपनीय म्हणून देऊ करा.

निपाणीचे_सर : संपादकाकडे पूर्ण आकडे असतील तर माझी हरकत नाही. गाईडची सही घ्या त्या पत्रावर.

जांबोटीची_पोर : गाईडशी आज बोलते. हर्बेरियम शीटचं, म्हणजे वनस्पती संग्रहालयात ठेवायच्या वाळवलेल्या नमुन्याच्या कागदाचं काय? ती जमा झाली आहे, लेबलवर पूर्ण आकडे आहेत.

कणकुंबी_पाऊस : शीट स्कॅन होऊन ऑनलाइन जातात. उद्या उघडल्या उघडल्या तिथं फोन करा, लेबलवरचे आकडे झाकायला सांगा.