सोयाबीन विकू का थांबू? भावांतर आलं तर भाव पडतील का? (मदत हवी आहे)

काळीमाती:
मंडळी अर्जंट आहे. ४२ क्विंटल सोयाबीन शेडमधे पडलंय, आडत्या क्विंटलला ४१०० म्हणतोय आणि हमीभाव (२०२५-२६ चा) ५३२८. शेजारचे म्हणतात थांब, मध्य प्रदेशात भावांतर (बाजार हमीभावाखाली गेला की फरक सरकार देतं ती योजना) चालू झालंय, आपल्याकडं पण येईल. पण अनुदान येणार म्हटलं की व्यापारीच भाव पाडतात असंही ऐकलंय. बुधवारी टेम्पो सांगितलाय, त्याच्या आत सांगा.

मोंढा_रोड:
मॉइश्चर (दाण्यातला ओलावा) किती? १२ टक्क्यांच्या वर असलं तर हमीभाव केंद्रावर परत पाठवतात. जिल्हा कोणता, नोंदणी केली का?

काळीमाती:
लातूर. माल चांगलाय. भावांतराचं सांगा ना.

इंदूरची_सून:
२०१७ ला आमच्याकडे आठ पिकांना भावांतर लावलं होतं. फरक मिळतो तो तुमच्या विक्रीच्या पट्टीवरच्या भावाचा नाही, सरासरी काढून जो मॉडेल रेट ठरवतात त्याचा, त्याच्या खाली माल गेला तर तेवढी झळ तुमचीच. मुदत ठरलेली म्हणून सगळे एकदमच मंडीत आले, उडीद तर पार कोसळला. वरचे पैसे सरकार देणार हे व्यापाऱ्याला माहीत असतं, तो कशाला बोली चढवेल?

तेलबिया:
ताई, सगळं खापर भावांतरावर नको. २०२४ ला आपल्याकडे भावांतर नव्हतं तरी हमीभाव ४८९२ आणि बाजार ४००० च्या आसपासच होता ना. सोयाबीनमधून तेल निघतं जेमतेम १८ टक्के, बाकी पेंड, आणि पेंडेला आता इथेनॉल काढून उरलेला मक्याचा चोथा पशुखाद्यात स्वस्तात आडवा येतोय. त्यात कच्च्या खाद्यतेलावरचं मूळ आयात शुल्क सप्टेंबर २०२४ ला २० टक्के केलेलं ते मे २०२५ अखेर १० वर आणलं.

ठाणेकर_गृहिणी:
पण ते शुल्क वाढवलं तेव्हा ऐन दिवाळीत तेलाची पिशवी महागली, आम्ही काय करायचं?

तेलबिया:
म्हणूनच मला भावांतर पटतं, तुम्हाला तेल स्वस्त आणि फरक तिजोरीतून. फक्त वेळेवर द्यावा. आपल्याकडं २०२३ च्या खरिपाच्या अनुदानाचे हेक्टरी ५००० वाटायला सप्टेंबर २०२४ उजाडला, तोवर माल कधीच विकून झालेला.

तुतीवाले_अण्णा:
सोयाबीन सोडा, तुती लावा. मी एकरभर लावली, रेशीम किड्यांच्या दर बॅचला पैसा.

मोंढा_रोड:
अण्णा, त्यांचा माल घरात पडलाय. काळीमाती, मॉइश्चर??

काळीमाती:
आडत्याच्या मीटरवर १५ आलं. नोंदणी केलीय, सातबारा वडलांच्या नावावर आहे. पोरीची हॉस्टेलची फी भरायचीय म्हणून घाई.

मोंढा_रोड:
हे पहिल्यांदाच लिहायचं ना दादा! फीपुरतं आठ-दहा क्विंटल विका, बाकीचं ताडपत्रीवर पातळ पसरून चांगली उन्हं द्या. दाणा दाताखाली चेपला तर ओला, कटकन फुटला तर वाळला. १५ चं १२ होताना ४२ क्विंटलला दीडेक क्विंटल वजन घटतं, तरी सगळा माल हमीभावानं गेला असता तर त्रेचाळीस हजार जास्त आले असते. भावांतर आलं तर आलं, त्याच्या भरवशावर माल अडवू नका. आणि नोंदणी ज्यांच्या नावावर त्यांनाच अंगठा लावायला न्या.

काळीमाती:
वडलांचे गुडघे धरलेत, टेम्पोत पुढं बसवून नेतो. पोती आत्ताच सोडायला घेतली. आपल्या भागातल्या केंद्रावर बारदाना (माल भरायची रिकामी पोती) आहे का, कोणी जाऊन आलंय?