ब्लॉगवर नीट चालणारा सर्च बसवायचाय, काय वापरू? (बजेट वर्षाला ५०० रु.)

मांदेली_माहीम
माशांच्या पाककृतींचा माझा ब्लॉग आहे, फुकटातलाच. ३४० नोंदी. सासूबाई मोबाइलवर शोधतात, "काही सापडले नाही" आलं की मला ऑफिसात फोन! "बोंबील" टाकलं तर "बोंबलाची चटणी" येत नाही. "तिसऱ्या" मी स्वतः लिहिल्यात, तरी शून्य. सुकं-ओलं वेगळं शोधता आलं तर सोन्याहून पिवळं. प्रोग्रॅमिंग येत नाही.

ठाणे_फास्ट
वर्डप्रेसवर या. होस्टिंगला मी वर्षाला साडेपाच हजार भरतो, पण मालकी आपली. रेलेव्हान्सी हे सर्चचं प्लगइन टाकलं की विषय संपला.

निवृत्त_पण_जागा
अहो, ५०० म्हणाल्यात त्या. मीही असाच हललो होतो. सगळ्या मजकुराची प्रश्नचिन्हं झाली. बॅकअप भाच्याकडे, भाचा पुण्यात, फोन उचलत नाही.

कोड_कोळंबी
गूगलचं प्रोग्रॅमेबल सर्च. फुकट आहे, निकालात जाहिराती दिसतात. फक्त आपला ब्लॉग शोध असं सांगायचं आणि मिळालेला कोड साइडबारमध्ये चिकटवायचा. मात्र गूगलने इंडेक्स केलेलीच (म्हणजे आपल्या यादीत घेतलेलीच) पानं सापडतात, काल टाकलेली रेसिपी आज मिळेलच असं नाही.

खाडीकाठ
तिसऱ्या म्हणजे शिंपल्याच ना? आमच्याकडे खुबे वेगळे.

निवृत्त_पण_जागा
वेगळेच. आणि जास्त चवदार.

पाय_मोडका_र
खुबे राहू द्या. "तिसऱ्या"मधला तो र दोन तऱ्हांनी टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि न दिसणारा एक जोडक. डोळ्यांना एकच, यंत्राला दोन वेगळे शब्द. तुम्ही लॅपटॉपवर एक लिहिता, सासूबाईंचा मोबाइल दुसरा उमटवतो. "ॲ"चंही तेच.
बोंबलाचं दुखणं निराळं, ते सामान्यरूपाचं. मासा-माशाचं तसं बोंबील-बोंबलाचं, जुळणार कसं? लुनरसारखं साइटवर बसवायचं सर्च टूल भाषेची जोड न देता बसवलंत तर तेही चालणार नाही. शब्दाच्या कडेचं इंग्रजी अक्षर-आकड्यांखेरीज सगळं ते छाटतं, देवनागरी शब्द अख्खाच उडतो.
प्रत्येक नोंदीच्या तळाशी तिला लागू पडतील त्या शब्दांची एक ओळ टाका, जसं बोंबील, बोंबलाची, सुके, तिसऱ्या (दोन्ही तऱ्हांनी). आहे तोच सर्च चालेल. खर्च शून्य.

ठाणे_फास्ट
वर्डप्रेसवर हे आपोआप होतं.

पाय_मोडका_र
नाही होत.

कोड_कोळंबी
मीही तेच म्हणणार होतो, तळाला ओळ टाका. पण गूगलचं बघाच.

बीकेसी_बाबू
२०२६ मध्ये सर्च कोण वापरतं? चॅटबॉट लावा. आमच्या कंपनीने लावलाय, महिन्याला फक्त आठ हजार.

मांदेली_माहीम
सर्वांचे आभार. सर्चचा डबा काढूनच टाकला. दोन रविवार बसून अनुक्रमणिकेचं पान केलं, आधी वहीत, मग ब्लॉगवर. माशाचं नाव, खाली ओलं आणि सुकं, पुढे लिंक. टाइप करायचं कामच नाही. त्या नादात कळलं की पापलेटचं एकच कालवण मी तीनदा लिहिलंय, तिन्हीत कोकमं वेगवेगळी. सासूबाई म्हणाल्या, अक्षर मोठं कर.

ठाणे_फास्ट
३४० लिंका हाताने?? वर्डप्रेसवर दोन मिनिटांचं काम.

खाडीकाठ
खुबे कुठल्या नावाखाली आहेत? दिसले नाहीत.

मांदेली_माहीम
कधी केलेच नाहीत. रेसिपी पाठवा, पान उघडंच आहे.