मूकाभिनय, मूकनाट्य की माईम?

वेंगुर्लेकर: शाळेच्या स्नेहसंमेलनाची पत्रिका उद्या छापायला द्यायची आहे. सातवीची मुलं रापण, म्हणजे किनाऱ्यावरून दोरांनी ओढायचं मासेमारीचं मोठं जाळं, ओढण्याचा प्रसंग एकही शब्द न बोलता करणार आहेत. मी 'मूकाभिनय' लिहिलं होतं. मुख्याध्यापक म्हणतात 'मूकनाट्य' करा, मुलांना 'माईम' हवंय. काय ठेवू?

रत्नागिरीकर: माईमच. युवा महोत्सवात स्पर्धा त्याच नावाने होते.

गुहागरकर: असं करत करत मराठीत उरणार काय? नाट्यशास्त्रात अभिनय चार प्रकारचा: आंगिक, वाचिक, आहार्य, सात्त्विक. वाचिक वगळा, झाला मूकाभिनय. इतका सुबोध शब्द असताना उसना कशाला?

देवगडकर: पण मुळातला माईम मुका नव्हताच! ग्रीक 'मीमॉस' म्हणजे नकलाकार. ते लोक चांगले संवाद म्हणत. न बोलणारा तो रोमचा पँटोमाईम. मुखवटा घालून एकटाच सगळी सोंगं नाचून वठवायचा, कथा गायक सांगायचे. आज इंग्लंडात पँटोमाईम म्हणजे नाताळातला गाण्यांचा आणि आरडाओरड्याचा खेळ, आणि माईम झाला मुका. पार अदलाबदल! आपला शब्द सोंग. तोच घ्या.

गुहागरकर: 'सोंगं पुरे' म्हणून पोरांना दटावतो आपण. पत्रिकेत शोभेल?

चिपळूणकर: नमन-खेळे या कोकणातल्या लोकनाट्यात सोंगच म्हणतात, त्यात कमीपणा कसला?

मालवणकर: आमच्या गावच्या दशावतारी नाटकात गणपती येता, नाचता, आशीर्वाद देता नि जाता. बोलता खंय? त्येका काय म्हणतलास?

गुहागरकर: ते नृत्य. मागे मृदंग-झांज असते.

देवगडकर: रोममध्येही गाणं-वाजवणं होतंच की!

रत्नागिरीकर: नाव काहीही द्या, मुलांच्या मुठी बघा. दोर धरताना मूठ पुरती मिटायची नाही, दोराच्या जाडीएवढी पोकळी राहिली पाहिजे. ओढताना दोन मुठींतलं अंतर विनाकारण बदललं की दोर रबरी दिसतो. मार्सेल मार्सो हा फ्रेंच माईम कलाकार नसलेली भिंत कशी चाचपायचा ते दाखवा त्यांना. तळवा टेकला तिथून हलत नाही, अंग हलतं.

मालवणकर: आणि टाचा वाळूत रोवून मागे रेला म्हणा. रापण नुसत्या हातांनी येणा नाय.

चिपळूणकर: गणपतीचं ठीक, पण तुमच्या दशावतारातला संकासुर? तो तर गप्प बसतच नाही.

देवगडकर: नकला करतो, बोलतो, हसवतो. ग्रीकांच्या हिशेबाने खरा माईम तोच!

गुहागरकर: संकासुराला माईम? हे मी मुळीच मान्य करणार नाही.